समीक्षाच्या खोलीतला बेस

१५ जून, रविवार

समीक्षाला काल लातूरच्या होस्टेलवर सोडून आलो. नीटची तयारी, दोन वर्षं. क्लास नामांकित. खोलीत चार पोरी, खिडकी एक, मोबाईलला बंदी. तिची आई मनिषा नांदेडच्या परतीच्या बसमध्ये अहमदपूरपर्यंत रडली. मी रडलो नाही. घरात एकानं तरी स्ट्राँग राहायला पाहिजे. शिवाय अहमदपूर सोडल्यावर माझ्या डोक्यात एक विचार आला आणि लोहा येईस्तोवर तो पक्का झाला.

समीक्षाची खोली रिकामी झाली.

म्हणजे रिग आता होऊ शकतो. रिग म्हणजे रॉक शोचा पूर्ण साऊंड सेटअप. मोठे स्पीकर, बेसचे, म्हणजे खालच्या घुमणाऱ्या आवाजाचे, वेगळे डबे, अॅम्प्लिफायर, मिक्सर, केबली. वीस वर्षं मनात आहे. मराठवाड्यात प्रोफेशनल रॉक शो का होत नाहीत? लोक म्हणतात पब्लिक नाही. चूक. साऊंड नाही. इथं आहेत ते डीजे. डीजे म्हणजे नुसता आवाज. हा फरक नांदेड जिल्ह्यात फक्त मला कळतो. धर्माबादला आणखी एक जण होता, त्याची बदली झाली.

बावीस वर्षांचा असताना हैदराबादला एक रॉक शो बघितला होता. बघितला म्हणजे, स्टेजकडं पाठ करून मी मिक्सरवाल्याकडं बघत होतो. चहूकडं हजारो माणसं उड्या मारून राहिलेली आणि हा गडी मधोमध एकटा, शांत. एक बोट वर सरकवलं की गर्दी हलायची. नंतर मी कॉलेजात फिजिक्सचा लॅब असिस्टंट झालो. ते तात्पुरतं होतं. एकोणीस वर्षं झाली.

संकल्प : डिसेंबरपर्यंत रिग तयार. पहिला शो लातूरला. मग संभाजीनगर, पुणे, पुढचं पुढं बघू.

१६ जून

मनिषाला प्लॅन सांगितला. ती अर्धापूरच्या दवाखान्यात सिस्टर आहे, ड्युटीला निघाली होती. म्हणाली, दिवाळीला पोरगी आल्यावर झोपेल कुठं? मी म्हणालो, दिवाळीला चार महिने आहेत. हे तिला पटलं, ती निघाली. बसही आली होती.

माय म्हणाली, "आनंदा, पोरीची खोली हाय ती." मी म्हणालो, हाव, मी कुठं न्हाई म्हणतो. खोली तिचीच राहील. आत फक्त रिग राहील.

२२ जून, रविवार

लातूर. होस्टेलवर पालकांची भेट रविवारी चार ते पाच, गेटजवळच्या पत्र्याच्या शेडखाली. समीक्षा जरा वाळलेली वाटली. ती म्हणाली, खोलीची खिडकी उघडली की समोर भिंतच आहे, हात लावता येतो एवढ्या जवळ. मी तिला समजावलं की उलट हे चांगलं, बाहेरचा गोंगाट कमी. मग बेसचे डबे कसे काम करतात ते सांगितलं. वहीच्या मागच्या पानावर डायग्राम काढून दिला. पाच कधी वाजले कळलं नाही.

तिथून मेहुण्याकडं, दयानंदकडं गेलो. त्याचा लातुरात मंडपाचा धंदा. बांबू, कनाती, स्टेज सगळं त्याचं. प्लॅन ऐकून म्हणाला, "दाजी, रॉकला मंडप लागतो का?" मी म्हणालो, ओपन एअर. त्याचं तोंड पडलं.

१३ जुलै

धर्माबादला एक टॉकीज बंद पडून दहा वर्षं झाली. पडद्यामागचे चार मोठे स्पीकर अजून तसेच होते. टेम्पोत घालून आणले. मालक म्हणाला, याच्यातून लई पब्लिक रडवलंय. स्पीकर उघडले. एकात उंदराचं घरटं, एकात तिकिटांचे तुकडे. मॅग्नेट मात्र शाबूत. अशा वस्तू हुडकायला नजर लागते.

समीक्षाची भेट या रविवारी हुकली. धर्माबाद आणि लातूर दोन दिशांना आहेत, त्याला मी काय करणार.

१६ जुलै

होस्टेलमधून बुधवारी आठ ते आठ वाजून दहा मिनिटं या वेळात वॉर्डनच्या फोनवरून घरी बोलायला देतात. आज मी उचलला. समीक्षा हळू आवाजात म्हणाली, "पप्पा, मला इथं नाही जमून राहिलं." मी म्हणालो, पहिला महिना असाच जातो. नव्या अॅम्प्लिफायरलाही सुरुवातीला मंद आवाजात चालवून रुळवावं लागतं. लाइनवर घरघर होती. बहुतेक वॉर्डनच्या चार्जरची. तिला चार्जर काढायला सांगितला. फोन कट झाला.

मनिषाला सांगितलं, पोरगी मजेत आहे.

९ ऑगस्ट

चार डबे बनवून राहिलो. प्लायवूड जाड, स्क्रू पितळी, डिझाईन माझं. कमरेच्या वर येणारा एकेक डबा. सुतार म्हणाला, कपाट का? मी म्हणालो, बेस. तो म्हणाला, बसायला मोठं हाय.

इस्लापूरकडं मागं एकदा सहस्रकुंड बघायला गेलो होतो. पावसाळ्यात धबधब्यासमोर उभं राहिलं की आवाज कानाला नाही, छातीला लागतो. तसा बेस मला पाहिजे. पब्लिकला सहस्रकुंड घरपोच.

१७ ऑगस्ट

डब्याच्या आत कापूस भरावा लागतो, म्हणजे आवाज आतल्या आत घुमत नाही. बाजारातला कापूस बरा नव्हता. समीक्षाची गादी सहजच उसवली. जुना, मुरलेला, एक नंबर कापूस. तिच्या पलंगाच्या फळ्या मागच्या बाजूला बरोबर बसल्या, जणू मापानंच कापल्या होत्या. देव मानत नाही, पण अशा वेळी वाटतं की कुणीतरी आपल्या बाजूनं आहे.

मनिषाला सांगितलं नाही. ती डबल ड्युटी करून आली होती. खामखा तकलीफ कशाला.

३१ ऑगस्ट

पहिली टेस्ट. लॅबमधलं फ्रीक्वेन्सी जनरेटर घरी आणलं होतं (सोमवारी परत ठेवणार). चाळीस हर्ट्झ सोडला. मांडणीवरच्या ताटल्या एकामागोमाग चालत येऊन खाली पडल्या. मायला वाटलं भूकंप. ती किल्लारीच्या वेळचं आठवून अंगणात जाऊन बसली, ती संध्याकाळपर्यंत आत आली नाही.

टेस्ट यशस्वी.

१४ सप्टेंबर, रविवार

आज मोठा प्रयोग. एक डबा टेम्पोनं दयानंदच्या गोडाऊनला नेला. टेम्पोत घालायला डबा सुटा करून बाहेर काढावा लागला, तिथं परत जोडला. समीक्षाला दोन तासांची सुट्टी मिळवून तिकडं आणलं. तरुण कान पाहिजे होता. माझा कान सोन्याचा आहे, पण चव्वेचाळीस वर्षांचा.

तिला डब्यासमोर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं. म्हणालो, डोळे मीट आणि फक्त ऐक. बेस सोडला. दोन मिनिटांत पोरीच्या डोळ्यांतून पाणी. थांबेचना. ओढणीनं पुसून राहिली, परत येऊन राहिलं. मी आवाज बंद केला तरी रडत होती.

एवढा क्लीन बेस! वीस वर्षांत पहिल्यांदा वाटलं की आपण बरोबर रस्त्यावर आहोत.

दयानंद मला बाजूला घेऊन म्हणाला, "दाजी, ती बेसनं रडून राहिली न्हाई." मंडपवाला आहे. त्याला काय कळतं.

६ ऑक्टोबर

वॉर्डनचा फोन. समीक्षा जेवत नाही, टेस्टमध्ये मार्क घसरलेत. मी तेव्हा केबलच्या दुकानात होतो, बोलणं नीट ऐकू आलं नाही. म्हणालो, ठीक आहे, करा. काय करा ते विचारायचं राहून गेलं. उद्या फोन करायचा. नक्की.

९ ऑक्टोबर

फोन करायचा राहिला. मिक्सर आला! बत्तीस चॅनेल. दिवसभर नुसता हात फिरवला.

२० ऑक्टोबर, दिवाळी

समीक्षा चार दिवसांसाठी आली. बॅग घेऊन सरळ तिच्या खोलीकडं गेली आणि दारातच उभी राहिली. आत शिरायला जागा नव्हती. चार डबे, वर टॉकीजचे स्पीकर, तिच्या टेबलावर मिक्सर. तिनं विचारलं, माझा पलंग? मी अभिमानानं डब्याच्या मागच्या बाजूवर हात मारून दाखवला. गादी? मी म्हणालो, आत.

मला वाटलं ती हसेल. लहानपणी हसायची अशा गोष्टींना.

मनिषा तेव्हा स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिनं डब्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. चार दिवस बोलली नाही. समीक्षा मायच्या कुशीत झोपली. जाताना मनिषाला म्हणाली, परत नाही गेलं तर? मनिषानं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, असं अर्ध्यात सोडायचं नसतं. मी सोडलं का? बघ, वीस वर्षं लागली.

आणि खरं सांगायचं तर, राहणार कुठं?

९ नोव्हेंबर, रविवार

शो मिळाला! दयानंदनं जमवलं. लातूरचे अमृतराव भाऊ, कंत्राटदार, येत्या निवडणुकीला उभे राहणार. वीस डिसेंबरला त्यांचा वाढदिवस. त्यानिमित्त 'भव्य रॉक महोत्सव'. भाऊंनी मला विचारलं, "रॉक म्हंजे ते पोट्टे केस हलवत्यात ते ना? ठिवा. पोट्टेबी मतदार हायेत."

बँडचं नाव 'ब्लॅक कॉटन'. सगळे सिव्हिल इंजिनिअर. काळ्या मातीला इंजिनिअरिंगमध्ये ब्लॅक कॉटन सॉइल म्हणतात, त्यावरून. त्यांनी स्वतःचे टी-शर्ट छापलेत. म्हणजे प्रोफेशनल.

मी वेगळ्या कारणानं लातूरला आहे हे समीक्षाला कळवलं नाही. आज रविवार नव्हता असं समजायचं.

२३ नोव्हेंबर

बँडचा गायक शिवम रिग बघायला नांदेडला आला. नम्र मुलगा. सगळं बघून झाल्यावर म्हणाला, "सर, मॉनिटर कुठंयत?" म्हणजे गाणाऱ्याच्या पायाशी, त्याच्याकडं तोंड करून ठेवलेले स्पीकर, ज्यातून त्याला स्वतःचा आवाज ऐकू येतो.

ते राहिलेत.

त्याला म्हणालो, खऱ्या कलाकारानं पब्लिककडं लक्ष द्यावं, स्वतःला काय ऐकत बसायचं. तो म्हणाला, सर, स्वतःचं ऐकू आलं नाही तर सूर लागत नाही. आजच्या पिढीत अहंकार फार. शेवटी आमचा टीव्हीजवळचा होम थिएटर काढून देतो म्हणालो. माय आता मालिका नुसत्या बघते.

१४ डिसेंबर

अडचण. किरकोळ.

दार अडीच फुटांचं आहे. सप्टेंबरनंतर सगळे डबे खोलीतच डिंक लावून पक्के जोडले आणि आता डिंक असा बसलाय की सुटे होत नाहीत. चारही डबे आत अडकले. तिरपे करून बघितले, आडवे करून बघितले. एकदा डबा दारात असा बसला की मी आत आणि सगळं घर बाहेर. दीड तास. मायनं खिडकीतून भाकरी दिली. मनिषा ड्युटीवरून आल्यावर तिनं खांदा लावून डबा आत लोटला, तेव्हा सुटलो. मी म्हणालो, थँक्यू. ती म्हणाली, हात धुवा.

१६ डिसेंबर

दाराची चौकट फोडून काढली. डबे बाहेर. सोल्यूशन नेहमी साधंच असतं. माय म्हणे, आता खोलीला दारच न्हाई. मी म्हणालो, शो झाल्यावर बसवू.

समीक्षाला बुधवारच्या फोनवर सांगायचं ठरवलंय की शनिवारी मी लातुरात शो करतोय, बार्शी रोडच्या मैदानावर. तिला येता येणार नाही, पण अभिमान वाटेल.

१७ डिसेंबर

सांगितलं. तिनं मैदान कुठं, किती वाजता, तुम्ही कुठं बसणार, सगळं विचारलं. इतका इंटरेस्ट तिनं आधी कधी दाखवला नव्हता.

२० डिसेंबर, शनिवार. सकाळी ११.००

मैदान. वारा कमी. रिग उभा राहिला. लांबून बघितलं तर मंदिरासारखा वाटतो. दयानंदची माणसं मैदानाच्या मधोमध माझ्यासाठी बांबूची चौकट बांधून राहिलीत. आत मी आणि मिक्सर. आज लिहिण्यासाठी वही सोबत ठेवली आहे. असे दिवस नोंदवले पाहिजेत.

दुपारी २.१०

चौकट झाली. छातीपर्यंत उंच. भाऊंचे कार्यकर्ते म्हणाले, पब्लिक रेटल, अजून एक थर मारा. मारला. आता गळ्यापर्यंत. वरून जाळी. मी आत.

गेट ठेवायला सांगायचं राहिलं. दयानंद म्हणाला, दाजी, आता सुतळी कापली तर सगळंच ढिलं होईल, शो संपल्यावर सोडवतो. काही हरकत नाही. कॅप्टन जहाज सोडत नसतो.

३.३०

लघवी. विचार करायचा नाही.

५.२०

सुरू. निवेदकानं सांगितलं, आधी सत्कार होतील, मग रॉक. यादी एक्केचाळीस जणांची. पोलीस पाटील, सरपंच, दहावीतले गुणवंत, दोन माजी सैनिक, भाऊंचे डॉक्टर. प्रत्येकाला शाल, नारळ, दोन शब्द. मी आवाज असा लावलाय की नारळ हातात घेताना शेंडीचा आवाजही येतो.

खिसा थरथरून राहिलाय. बेस खिशापर्यंत पोचला! भाषणाला एवढा, तर ड्रमला केवढा पोचेल.

६.१०

नववा सत्कार. खिसा अजून थरथरतोय, थांबून थांबून. गर्दी वाढली. चारी बाजूंनी पाठी आणि खांदे. आता सोडवलं तरी बाहेर पडता येणार नाही.

६.४५

जाळीच्या पलीकडं, गर्दीत, तोंडाला स्कार्फ बांधलेली एक पोरगी हात हलवून राहिलीय. बराच वेळ. मिक्सरच्या दिशेनंच. काहीतरी ओरडतेय, पण माझ्या कानावर हेडफोन. बहुतेक फर्माईश. मी अंगठा दाखवला. ती हात हलवतच राहिली. मी परत अंगठा दाखवला.

पहिली फॅन. शो सुरू व्हायच्या आधीच.

८.०५

चौतिसावा सत्कार. दयानंद स्टेजच्या कडेला येऊन मला बघून दोन्ही हात खालून वर, खालून वर करून राहिलाय. म्हणजे बेस वाढव. वाढवला. तो डोक्याला हात लावून गेला. खूश दिसला.

२१ डिसेंबर, रविवार. दुपारी

काल पुढं लिहिलं नाही. आता लिहितो, क्रमानं.

सत्कार साडेनऊला संपले. ब्लॅक कॉटन स्टेजवर आले. ड्रमला माईक लावण्यात पंधरा मिनिटं गेली. शिवमनं पहिलं गाणं सुरू केलं. होम थिएटरमधून त्याला स्वतःचा आवाज येत नव्हता, मला इशारे करत होता. मला वाटलं नाचतोय. पहिल्या कडव्याला एका कार्यकर्त्यानं माईक घेतला, पांढरी गाडी आडवी लागलीय, ज्याची असेल त्यानं काढावी. मग परत गाणं. दहा वाजले. पोलीस आले, आवाज बंद. एक गाणं. त्यातलं सव्वा कडवं.

मला सोडवायला अर्धा तास लागला. सुतळी दवानं ओली होऊन आवळली होती. बाहेर आल्यावर आधी जिथं जायचं तिथं गेलो, मग खिशातला फोन काढला. तेवीस मिस्ड कॉल. वॉर्डनचे सहा. मनिषाचे सतरा.

समीक्षा चार वाजता वह्या आणायला म्हणून होस्टेलमधून बाहेर पडली आणि परतली नाही. वॉर्डननं मला फोन केले, मग मनिषाला. मनिषा अर्धापूरहून ड्युटी टाकून निघाली. नांदेडहून लातूरची बस, साडेतीन-चार तास, आणि सगळा वेळ हातात फोन. पोरगी कुठं आहे माहीत नाही. पोरीचा बाप फोन उचलत नाही.

आठच्या सुमारास दयानंदला समीक्षा स्टेजमागं सापडली. गुंडाळून ठेवलेल्या कनातींवर बसली होती, जनरेटरशेजारी. त्यानं मनिषाला फोन करून पोरीला घरी नेलं. त्याआधी त्यानं मला सांगायचा प्रयत्न केला होता. दोन्ही हात वर-खाली करून.

तोंडाला स्कार्फ होता.

हे मी मनिषाला सांगितलं. स्कार्फ होता, समोरून लाइट होता, कानावर हेडफोन. लातुरात सगळ्याच पोरी स्कार्फ बांधतात, कुणीही चुकला असता. मनिषा दयानंदच्या ओसरीत समीक्षाची बॅग भरत होती. वर न बघता म्हणाली, "ती म्हणाली, पप्पांनी मला ओळखलं आणि अंगठा दाखवला. दोनदा. मी काय सांगू तिला?"

मी बॅगेची चेन लावून दिली.

२८ डिसेंबर

समीक्षा आता नांदेडलाच राहणार. मनिषानं ठरवलं. मला विचारलं नाही. मी होकार तयार ठेवला होता.

नवी गादी आणली. खोलीला दार नाही. सुतार संक्रांतीनंतरची तारीख देतो. दयानंदनं कनातीचा एक लाल-पिवळा तुकडा पाठवला, तो पडदा म्हणून लावलाय. घरात कायम लग्न असल्यासारखं वाटतं.

शिवमचा मेसेज : सर, आभारी आहोत, पुढच्या वेळी आम्ही आमचा साऊंड आणू.

२ जानेवारी

अमृतराव भाऊंचा फोन. ते म्हणाले, लोकांना माझं भाषण पहिल्यांदाच कळलं, इतकी वर्षं नुसतं भों-भों ऐकू जायचं. आता निवडणुकीच्या सगळ्या सभांना मीच पाहिजे. म्हणालो, भाऊ, हा रिग रॉकसाठी आहे. ते म्हणाले, ठिवा की रॉकबी, शेवटी पाच मिनिटं. नाही म्हणायच्या आधीच त्यांनी दयानंदला तारखा देऊन टाकल्या. डबे त्याच्या गोडाऊनला आहेत, परत आणायला घरात जागा नाही. फेब्रुवारीपर्यंत सगळे रविवार भरले. प्रत्येक ठिकाणी बांबूची चौकट असणार. गेट ठेवायला सांगितलंय. कार्यकर्ते म्हणाले, बघू.

११ जानेवारी, सकाळी

आज सभा दुपारी आहे. निघायच्या आधी चहा घेऊन समीक्षाच्या खोलीपाशी गेलो. टकटक करायला दार नाही, म्हणून बाहेरूनच खाकरलो. ती म्हणाली, या. जागीच होती, भिंतीला टेकून.

तीन वाक्यं पाठ करून गेलो होतो. माझं चुकलं, हे पहिलं. लॅबमधून घरी येताना, भाजी घेताना, आठवडाभर घोकलं होतं. तिच्यासमोर बसलो, कप दिला, तोंड उघडलं आणि निघालं भलतंच. विचारलं, तू जिथं उभी होतीस तिथं साऊंड कसा येत होता?

विचारल्याबरोबर कळलं. पण शब्द गेला होता.

ती चिडली नाही. कप दोन्ही हातांत धरून विचार करत राहिली, खरंच आठवून बघत असल्यासारखी. मग म्हणाली, "क्लिअर होता, पप्पा. सगळ्यांची नावं कळली."

मग दोघं चहा पीत बसलो. माझी तीन वाक्यं तशीच राहिली. तिनं रिकामा कप माझ्याकडं दिला आणि पुस्तक उघडलं.

बाहेर येऊन वहीत लिहिलं : सिस्टीम ओके. मग ते खोडलं. खोडल्यावर पानावर काहीच राहिलं नाही, म्हणून हे लिहून राहिलो.